करंगळी

४ फेब्रुवारी
आज या घराचा ताबा घेतला. नोकरीत बदली झाल्यामुळे पत्नी अखेरची दोन वर्षे येथे एकटी राहिली. सुट्टीत तीच आमच्याकडे येत असे, त्यामुळे हे घर मी आज प्रथमच पाहिले. दोन खोल्या, भरपूर उजेड, आणि बैठकीत भिंतभर लांबीची खाऱ्या पाण्याची टाकी. पत्नीचे प्रवाळ जिवंत आहेत. तिच्या मृत्यूनंतर मन प्रथमच प्रसन्न झाले, हे प्रांजळपणे नमूद करतो.

घर आवरून परत कधी येणार, असे मुलीने फोनवर विचारले. प्रवाळांना जागा बदललेली सोसत नाही, तेव्हा मीच जागा बदलली आहे, असे मी सांगितले. ती पुष्कळ दिवसांनी हसली.

७ फेब्रुवारी
मधल्या काळात टाकीची देखभाल करणाऱ्या मत्स्यदुकानदाराने आज माझी शिकवणी घेतली. प्रवाळ दगडासारखा दिसतो, परंतु तो प्राणी आहे. इवल्या तोंडांची ती वसाहत पाण्यातले कॅल्शियम शोषून आपल्याखाली सांगाडा रचत जाते. म्हणून कॅल्शियमचे द्रावण रोज घालावयाचे, पाणी वरचेवर तपासावयाचे आणि लांब हातमोज्यांशिवाय हात आत घालावयाचा नाही. काकूंनी हे शेवटचे कधी ऐकले नाही, अशी त्याची तक्रार आहे.

कोपऱ्यातल्या पांढऱ्या प्रवाळाकडे मात्र तो फिरकला नाही. "काका, त्याला हात लावू नका. तो मी विकलेला नाही."
मग तो कोठून आला, हे त्यालाही ठाऊक नाही.

१२ फेब्रुवारी
पांढऱ्या प्रवाळाला पाच फांद्या आहेत. टोकाची, सर्वांत लहान फांदी आत वळलेली आहे. पत्नीची डावी करंगळी लहानपणी दारात चेंगरून अशीच वळली होती.

काचेवरचे शेवाळ खरवडताना मोजा काढला आणि तिला स्पर्श केला. पृष्ठभाग खरखरीत, परंतु भोवतालच्या पाण्याहून उबदार. आता रोज दुपारी डावा हात तेथे ठेवून बसतो. यात वावगे काही नसावे.

१९ फेब्रुवारी
द्रावणाची बाटली केव्हाच संपली आहे. माझ्या ध्यानातच आले नाही. घाबरून पाणी तपासले, तर कॅल्शियम घटण्याऐवजी वाढलेले. दुकानदाराला कळवले. पाण्यात खडू विरघळवताय की काय, म्हणून त्याने थट्टा केली. मीही हसलो.
हसताना दाढ हलली.

२६ फेब्रुवारी
चहाची किटली उचलली आणि डावे मनगट मोडले. प्लास्टर घातले आहे. हाडे आतून पोखरल्यासारखी झाली आहेत, असे डॉक्टर म्हणाले. घरात आणखी कोणाला हा त्रास होता का, असे त्यांनी विचारले. पत्नीला होता, असे मी सांगितले. न्हाणीघरात साधा पाय घसरला आणि ती त्यातून उठली नाही. नवराबायकोचे रक्त एक नसते, निव्वळ योगायोग समजा, असे त्यांचे मत.

घरी येऊन ओट्याखालचे कपाट उघडले. तिच्या हातमोज्यांचे पाकीट फोडलेलेच नाही.

२८ फेब्रुवारी
पांढरा प्रवाळ काढून नेण्यासाठी दुकानदाराला बोलावले. छिन्नी चालेना. त्याने हात हिसकून बाहेर काढला तेव्हा मोजा आतच राहिला होता. आजच्या आज घर सोडा, म्हणाला. पैसे न घेता गेला.

मोजा आता पाचही फांद्यांवर नीट चढलेला आहे.

मी घर सोडले नाही. डावा हात प्लास्टरमध्ये, म्हणून उजवा घातला. फांद्या मिटल्या. पकड तिचीच—

३ मार्च
लेखणी धरवत नाही. बोटे कोठेही वाकतात.
मुलगी उद्या येणार. आईचे प्रवाळ पाहायचे आहेत म्हणाली. लहानपणी रस्ता ओलांडताना ती आईची करंगळीच धरत असे, दुसरे बोट नाही.
येऊ नकोस, असे बजावले. तोंडात दात उरलेले नाहीत. तिला शब्द कळले नाहीत. बाबा, रडू नका, म्हणाली.

४ मार्च
बाळ, हातमोजे ओट्यावर आहेत. घाल—
नको. हात घालूच नकोस. करंगळी धरावीशी वाटेल. ती आईच आहे, म्हणूनच सांगतो—
आता कोपरापर्यंत वर आली आहे. पाण्याबाहेर.
बेल वाजते आहे. उठता येत नाही. आईची चावी तिच्याकडे—
दार उघडले. हाक मारतो आहे, आवाज फुट—
माझ्याकडे पाहिलेच नाही. पिशवी खाली टाकली. बाही वर सारते आहे, हसते आहे, लहानपणी हसायची तशी, आणि टाकीतून तिच्याकडे