शेवटच्या खोलीपुढचा ओटा

१२ मे, मंगळवार
म्हणे मी फळ्या खराब केल्या! मी! आजवर लॉजच्या या लाकडी ओट्यावर कुणी धड खराटा फिरवला नव्हता. शेवाळ इतकं की वहिनी आपटली त्यावर. मला माधवनगरहून बोलावलं कुणी? लॉज चालवणाऱ्या माझ्या भावानं, नाथानंच. "आक्का, पाऊस लागायच्या आत लाकडाला सीलर मारायचाय, पाणी मुरू नये म्हणून. मजूर नीट घासत न्हाईत. तू ये. शेवटची खोली तुझीच हाय." भाड्याची जागा सोडली, भांडीकुंडी बांधली, महाबळेश्वरात आले. आणि आता तारेच्या घासणीचे ओरखडे दिसले तर पाहुण्यांदेखत ओरडतो! थोरल्या बहिणीवर!

१३ मे
आज मऊ ब्रश. फटीतला गाळ सुरीनं काढला — पाहुण्यांचे केस, शेंगांची टरफलं, काय न्हाई ते. गुडघे गेले. नाथा चहा घेऊन आला. "रागावलीस व्हय?" चहा तेवढा प्याले.

१५ मे
धुकं आलं की फळी परत ओली. सीलरच्या डब्याला कुणाला हात लावू देत नाही. ओल्यावर मारला की पापुद्रे निघतात. वहिनी म्हणाली, "मारा की आता वन्सं, किती जपताय!" म्हटलं, "ऱ्हायचं हाय मला हितं, जपीन न्हाई तर काय." ती खाली बघायला लागली. का?

१६ मे, शनिवार
बिरदेव सुतार आला, कुजलेली फळी बदलायला. टेप धरून थेट माझ्या खोलीत शिरला, भिंतीवर खडूनं रेघ मारली.
"काय रं हे?"
"ओटा हितवर येणार न्हवं? पावसाळा झाला की खोली पाडायची. मालक बोललं न्हाईत?"
नाही बोलले मालक!
मागच्या भाऊबीजेला वडिलांच्या या जागेवरचा माझा हिस्सा नाथाला हक्कसोड करून दिला मी. नवी साडी नेसून गेले सही करायला. सगळ्याच बहिणी देतात, माहेर ऱ्हावं म्हणून. मागितली ती एक खोली, तीही तोंडी. आणि ती गिळणारा ओटा मलाच घासायला लावला!
नाथाला विचारलं. "अजून ठरलं न्हाई गं. आणि हॉलमधी झोप की, तू काय परकी हायस?"
मग रेघ कशाला मारली?

१७ मे
जेवले नाही. वहिनी ताट ठेवून गेली. उचलून न्यायलाही आली नाही.

१८ मे, सोमवार
फळ्या खडखडीत वाळल्या. पाण्याचा थेंब टाकला, लगेच जिरला. सीलर मारायचा तर उद्याच. नाथा म्हणतो, "झ्याक केलंस आक्का!" शुक्रवारी लॉजवर नवे पाहुणे येतायत त्याचे.

१९ मे, मंगळवार
डबा उघडलाच नाही. माझ्या दारापुढच्या फळ्यांचे स्क्रू काढले, एकूण एक. फळ्या खोलीत घेतल्या, आतून कडी. नाथा भोकापलीकडून ओरडतोय, "येडी झालीस काय?" खिडकीतून सांगितलं — आत ये, ती रेघ तुझ्या हातानं पूस. न्हाईतर ‘आक्का, तुला माहेर न्हाई’ असं तोंडानं म्हण. गुरुवारपर्यंत. काय ते गुरुवारपर्यंत सांग.