शिक्का कुठला

प्रिय बाबा,

पाकीट हातात आल्याबरोबर तुम्ही आधी तिकिटावरचा शिक्का पाहिला असणार, मग पत्त्याचं अक्षर, आणि मग कुठे आतला कागद. टपाल कचेरीच्या सॉर्टिंगमध्ये जन्म घालवल्यावर ही सवय सुटायची नाही. आईला तिचा भयंकर राग यायचा, कारण तिच्या माहेरची पत्रंही तुम्ही शिक्क्यापासून वाचायला लागायचात. मामा लिहायचा, तब्येतीमुळे घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही, आणि तुम्ही शिक्का उजेडात धरून सांगायचात, हा पत्र टाकायला दुसऱ्या गावाला गेला होता, गडी ठणठणीत आहे. अक्षरं मी मुद्दाम मोठी काढली आहेत. तरी जड गेलं तर भिंग काढा, पण शेजारच्या काकूंकडून वाचून घेऊ नका. त्यांच्याकडून गोष्ट गावभर जायला पाकीट लागत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. मी अजून कवळ्याच करते. लॅबमध्ये आता खिडकीजवळचं टेबल मिळालं आहे, त्यामुळे दातांची छटा जुळवायला दिवसाचा उजेड मिळतो. नवीन लोकांना वाटतं की दात पांढरे केले की झालं. आमचा मुख्य त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो की पांढरेशुभ्र दात केलेत तर समोरच्याला लांबूनच कळेल, खोटे आहेत. म्हणून आम्ही जरा पिवळट छटा घेतो, एखाद्या दाताला बारीक रेघ काढतो, एखादा किंचित तिरका बसवतो. थोडक्यात काय, खोटं बेमालूम करण्याचा मला पगार मिळतो. हे आत्ता का सांगते आहे ते पुढे कळेल.

राहायला तीच खोली आहे, जिन्याखालची. वर आणखी भाडेकरू, खाली आम्ही दोघी, मी आणि नर्सबाई. नर्सबाई म्हणजे माझ्या खोलीतली दुसरी मुलगी. आपलीच भाषा बोलते, रुग्णालयात काम करते आणि घरी आली की मालिका लावून पाय वर करून बसते. इंटरनेट घरमालकाचं, सगळ्यांना मिळून एकच. त्याचा पासवर्ड जिन्यात खडूने लिहिलेला आहे, म्हणजे चपला काढायला थांबलेल्या माणसालाही तो पाठ होतो. मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. मग आमच्या लॅबमधल्या पॅकिंगवाल्याची गोष्ट झाली. तो बिचारा बस थांब्यावरच्या फुकट इंटरनेटवर मेल वाचत बसायचा. कसं ते कुणालाच नीट कळलं नाही, पण कुणीतरी त्याच्या खात्यात घुसलं आणि त्याच्या नावाने त्याच्या बहिणीला पत्रं लिहू लागलं. बहीणही उत्तरं देत होती. ती पत्रं वाचून तो मला म्हणाला, माझ्यापेक्षा तोच बरं लिहितो, ताईची विचारपूस तरी करतो. आम्ही हसलो खरे, पण त्याच दिवशी कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाने आम्हा सगळ्यांना बसवून व्हीपीएन घालून दिलं.

व्हीपीएन म्हणजे काय ते तुम्हाला दादापेक्षा लवकर कळेल, कारण ती तुमच्याच खात्यातली गोष्ट आहे. एरवी मी इथून काही पाठवलं की ते पोस्टकार्डासारखं असतं. कुणाला जातंय ते वाटेतल्या माणसाला दिसतं, आणि कार्डावर शिक्का इथला पडतो. व्हीपीएन घेतलं की माझं पत्र आधी एका थैलीत पडतं आणि थैलीला सील लागतं. वाटेतल्या माणसाला फक्त थैली दिसते. ती थैली दुसऱ्या गावी जाते, तिथे फोडतात, आणि पत्र तिथून पुढे जातं. शिक्का पडतो तो त्या दुसऱ्या गावाचा. म्हणजे लिहिणारा एका गावात आणि शिक्का दुसऱ्या गावाचा. त्या थैली फोडणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवावा लागतो, म्हणून तो पैसे मोजून, चौकशी करून निवडायचा, फुकटातला घ्यायचा नाही. इंटरनेटवरचा शिक्का असा मागून घेता येतो, बाबा. तुमच्या काळातला येत नव्हता.

आता तुमच्या खात्याचं. तुमचं पेन्शन, विजेचं बिल, गॅस, हे सगळं मीच इथून बघते, ते तुम्हाला माहीत आहे. पेन्शनची ती वेबसाइट परदेशातून उघडतच नाही. थैली आपल्या देशात फोडली तरच ती दार उघडते. काम झालं की मी सगळं पुसून बाहेर पडते, त्यामुळे प्रत्येक वेळी त्या वेबसाइटला वाटतं की कुणी नवीनच माणूस आला, आणि ती तुमच्या फोनवर निरोप धाडते. नवीन ठिकाणाहून प्रवेश झाला आहे, आणि पुढे आपल्या गावाचं नाव. खाली प्रश्न, हे तुम्हीच आहात का? मला वाटत होतं की तुम्ही असले निरोप वाचत नाही. तुम्ही तर ते शिक्क्यासारखे वाचत होतात.

माझ्या उशिरा लक्षात आलं. फोनवर तुम्ही मला विचित्र प्रश्न विचारायला लागलात. बोलता बोलता मध्येच, तिकडे आत्ता ऊन आहे की सावली? किती वाजले, पटकन सांग. मी घड्याळ शोधेपर्यंत तुम्ही नुसतं हं म्हणायचात, आणि त्या हंमध्ये मामाची पत्रं उजेडात धरणारे तुम्ही मला ओळखू यायला हवे होतात. एकदा मागून नर्सबाईची मालिका ऐकू गेली. शेजारी कोण आपली भाषा बोलतंय, असं तुम्ही इतक्या हळूच विचारलंत की मला हसूच आलं. तुम्ही नाही हसलात. फोन ठेवताना म्हणालात, हे बघ, घर आहे. मी म्हटलं, घर कुठे जातंय? आणि मी दुसऱ्या दिवशीच्या कवळ्यांकडे वळले.

परवा दादाचा फोन आला. तो चिडला होता, म्हणजे घाबरला होता. त्याचं ते एकच असतं. डोळ्यांच्या डॉक्टरने काय सांगितलं आहे ते तुम्हाला पाठ आहे, तरी लिहिते. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची असते, आणि त्यासाठी ऑपरेशन आत्ताच हवं. दादाने त्याच्या शहरात सगळं ठरवलं, तुमच्यासाठी खोली मोकळी केली, आणि तुम्ही म्हणता की घराला कुलूप लावणार नाही. का, ते सांगत नाही. वहिनीने आठवडाभर तुमच्याकडे राहून ते काढून घेतलं. तिला दिसलं की तुम्ही दुपारी दाराला नुसती कडी लोटून ठेवता, दूध जास्तीचं घेता, आणि चार वाजले की टोपी घालून बाहेर पडता. आधी एक रस्ता डाव्या हाताने, मग तोच उजव्या हाताने, पोस्टमनला वाटपाची बीट आखून द्यावी तसा. लॉज झाले, बायकांची वसतिगृहं झाली, नोकरी करणाऱ्या मुलींच्या खानावळी झाल्या. पाटी वाचायला दाराला नाक लावावं लागतं, तरी तुम्ही माझा जुना फोटो खिशात घेऊन विचारत फिरता. एका वसतिगृहाच्या बाईंनी तुम्हाला बसवून पाणी दिलं आणि दादाचा नंबर मागून घेतला. वहिनीने विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत की ती गावातच आहे, रोज संध्याकाळी माझं खातं उघडते, मला शिक्का दिसतो.

मग तुम्ही म्हणालात म्हणे, मीच तिला सांगितलं होतं ना, हात हलवत परत यायचं नाही म्हणून.

बाबा, ते वाक्य मी विसरले होते. खरंच विसरले होते. मी निघाले तेव्हा बॅगेचं चाक अडकलं होतं, आत्या रडत होती, दादा गाडीवाल्याशी हुज्जत घालत होता, आणि तुम्ही काहीतरी बोलायचं म्हणून ते बोललात. मी हो म्हटलं आणि गाडीत बसले. तुमच्या डोक्यात मात्र ते राहिलं, आणि त्यावर तुम्ही अख्खी गोष्ट रचलीत. मुलीची नोकरी गेली, मुलगी परत आली, बापाला तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून लॉजवर राहते, आणि तिथून बापाचं विजेचं बिल भरते. यातलं बिल सोडलं तर एक अक्षर खरं नाही. पण मला वाईट वाटलं ते याचं नाही. ‘हे तुम्हीच आहात का’ या प्रश्नाला तुम्ही दर वेळी ‘होय’ दाबत होतात, मला कुणी पकडू नये म्हणून, याचं वाईट वाटलं. उद्या खरा चोर आला असता तर त्यालाही तुम्ही मुलगी समजून आत घेतलं असतं. वहिनीने हे सांगितलं तेव्हा मी प्लास्टर कालवत होते. हात थांबले आणि ते भांड्यातच घट्ट झालं, फेकून द्यावं लागलं.

दादाने सोपा उपाय सुचवला. म्हणाला, सांगून टाक ना की हो, आले होते गावात, आता परत गेले. म्हातारा कुलूप लावेल, गाडीत बसेल, विषय संपेल. फोनवरून खरं सांगून तुम्हाला पटत नाही, हे त्याचंही बरोबर आहे. मी व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवून बोलले तर तुम्ही म्हणालात, मागची भिंत काय, कुठलीही असते. तर खोटं मला जमलं असतं. मघाशी सांगितलं ना, माझा धंदाच तो. एक रेघ, थोडी पिवळट छटा, आणि तुम्हाला शंकाही आली नसती. पण मग उरलेलं आयुष्य तुम्हाला वाटलं असतं की मुलगी घरापासून हाकेच्या अंतरावर राहिली आणि न भेटता निघून गेली. ते मी तुम्हाला देणार नाही. म्हणून सरळ लिहिते. मी गावात नाही. नव्हते. माझी नोकरी आहे, पगार होतो, राहण्याचा परवाना नव्याने व्हायला दिला आहे आणि तो हातात येईपर्यंत मला इथून हलता येत नाही, त्यामुळे तुमच्या ऑपरेशनलाही मी नसेन. तुम्ही चार वाजता ज्या दारांवर थांबलात त्यातल्या एकाही दाराआड मी नव्हते. वहिनी म्हणते, या दिवसांत तुम्ही रोज दाढी करत होतात आणि आरशासमोर गुणगुणत होतात. तेवढं मी तुमच्याकडून काढून घेते आहे, हे मला कळतं.

आता हे पत्र का लिहिलं ते. पाकिटावरचा शिक्का कुणाकडून मागून आणलेला नाही, खिडकीतल्या बाईने माझ्या डोळ्यांदेखत मारला आहे. पुसट नको म्हणून मी तिला पुन्हा मारायला लावला. तो भिंगाखाली धरा. मग मला फोन करा, मी व्हीपीएन बंद करून तुमच्या मेलचं खातं उघडेन, ते परदेशातूनही उघडतं. निरोप येईल, त्यात याच शिक्क्यातलं नाव असेल. दोन्ही जुळवून पाहा. खाली विचारतील, हे तुम्हीच आहात का? या वेळी ‘नाही’ दाबा. मला बाहेर काढतील, काढू देत. ‘नाही, माझी मुलगी’ असं बटण तिथे नाही. मग दाराला कुलूप लावा आणि दादाच्या गाडीत बसा. किल्ली काकूंकडे ठेवा, कारण मी येईन तेव्हा हात हलवत आले तरी आधी घरीच येईन, आणि मला दार उघडावं लागेल. आणखी एक, हे मी दादाला सांगितलेलं नाही. पेन्शनच्या वेबसाइटला आपल्या देशातलं कुठलंही शहर चालतं. थैली कुठे फोडायची ते निवडायला मोठमोठी शहरं समोर येतात, त्यात आपलं गाव अगदी खाली, शोधावं लागतं. बिलं तर महिन्यातून एकदाच असतात, बाबा. बाकीच्या संध्याकाळी माझं तिथे काहीच काम नसतं, तरी येते. शिक्का तुम्ही बरोबर वाचलात.

तुमचीच,
थैलीतली