गाडीवर मागं बसलेली बाई

वेळापूर
शुक्रवार

प्रिय अहो,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला. पण पत्राची दुसरी सुरुवात मला येत नाही म्हणून लिहिलं, त्याचा जास्त अर्थ काढू नका. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही नुसते हसता, तुझं आपलं काहीतरीच म्हणता आणि विषय गुंडाळून ठेवता. आता कागदाला हसून दाखवा. शिवाय मला जे विचारायचंय ते वहिनीच्या देखत मोठ्यानं विचारण्यासारखं नाही. तिला मी सांगितलंय की माहेरची आठवण आली म्हणून आले. पण ती काही दुधखुळी नाही. संक्रांतीच्या तोंडावर नवऱ्याला सोडून आलेल्या नणंदेकडं ती कसं बघते ते मला कळतं. संक्रांतीचा वाणवसा पण इथंच केला मी.

सगळं पहिल्यापासून लिहिते, म्हणजे मी उगीच संशय घेत नाही हे तुम्हालाही पटेल. लग्नात आपण दोघंही अंगानं भरलेले. तुमच्या मित्रांनी एकेकाला दोन-दोन पाट मांडा म्हणून चेष्टा केली, तर सगळ्यात मोठ्यानं तुम्हीच हसलात. मला तुम्ही तिथंच आवडलात. मग दादाची गाडी घेऊन आपण देवदर्शनाला निघालो आणि स्टँडसमोर मागचा टायर फुटला. रसवंतीवर बसलेली सगळी खिदळली. एकजण ओरडला, अवो पावनं, टेम्पो करा की! त्या वेळी मात्र तुम्ही हसला नाहीत. गाडी ढकलत घरापर्यंत आणली आणि वाटेत माझ्याकडं बघितलं पण नाही. त्यानंतर मी कधी तुमच्या मागं बसले नाही. सोलापुरात कुठंही जायचं तर मी रिक्षात आणि तुम्ही रिक्षाच्या मागनं गाडीवर. सिग्नलला मी वळून बघायची आणि तुम्ही हॉर्न वाजवायचात. लोकांना त्याची गंमत वाटायची, मला त्यात काही कमी वाटलं नाही.

मग तुमची शुगर वाढली, गुडघे गेले, झोपेत श्वास अडकायला लागला. डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सांगितलं तेव्हा तुम्ही घाबरला होतात. मीच मागं लागले. पुण्याला शिकणारी आपली संस्कृती उद्या लग्नाला उभी राहील, तेव्हा तिचा बाप खुर्चीत नको, मांडवात फिरता पाहिजे, असं म्हणाले. दुर्बिणीतनं करतात, बारीक भोकं पाडतात, काही कळत पण नाही, असं सगळं मी तुम्हाला समजावलं. मला वाटलं, पोट तेवढं लहान होईल, माणूस तोच राहील.

पहिले दिवस आठवतात का? डाळीचं पाणी, ताक, परत डाळीचं पाणी. मटणाच्या रश्श्यात चार कडक भाकरी चुरून खाणारा माणूस संस्कृतीच्या बाळपणीच्या चांदीच्या वाटीत खिमट घेऊन बसायचा. एक घास इतका वेळ चावायचा की माझं जेवण उरकायचं. एकदा हट्टानं पुरणपोळीचा तुकडा खाल्लात, तर दरदरून घाम फुटला आणि छाती धडधडायला लागली. मी किती घाबरले होते! पण मला सवय दोघांच्या मापानं रांधायची. हात कमी पडतच नाही. उरलेलं टाकवत नाही, म्हणून ते मी खात गेले. खरं सांगू? तुमचं उतरलेलं वजन घराच्या बाहेर गेलंच नाही. ते माझ्या अंगावर आलं. हे तुम्हाला दिसलं असणार. तुम्ही बोलला नाहीत, आणि नेमकं तेच मला खुपलं.

मग तुम्ही बदलत गेलात. तुमचं घोरणं थांबलं. डॉक्टर म्हणाले चांगली गोष्ट आहे. असेल. पण इतकी वर्षं त्या आवाजात झोपलेल्या बाईला शांततेत झोप येत नाही. मी उठून तुमच्या नाकाशी हात धरून बघायची. बोटातली अंगठी गेली. सैल झाली, पडेल म्हणून कपाटात ठेवली म्हणालात. दोरा गुंडाळून घालता आली असती की! केस गळतात म्हणून आरशासमोर उभं राहणं वाढलं. नवीन शर्ट आले, तेही खोचायचे. आणि रस्त्यानं चालताना तुम्ही पुढं जायला लागलात. इतकी वर्षं माझ्या रिक्षाच्या मागं राहणारा माणूस आता पुढं, आणि मी धापा टाकत मागं. कोपऱ्यावर थांबून वळून बघायचात, पण आजूबाजूला ओळखीचं कुणी आहे का तेही बघायचात, असं मला वाटायचं. आपल्या वेळापूरच्या देवाचं निम्मं अंग त्याचं आणि निम्मं देवीचं. तुमचं निम्मं अंग दवाखान्यात राहिलं. उरलेलं निम्मं कुणाचं, ते मला कळेना झालं.

आता पुरावे लिहिते. दिवाळी झाल्यापासून दर रविवारी दुपारी तुम्ही चालायला म्हणून बाहेर पडता. चालायला जाणारा माणूस गाडी घेऊन जातो का हो? मी विचारलं तर म्हणालात, कुंभारीकडं हवा चांगली आहे. चिंचोळीला कंपनीत सहा दिवस धूळ खाणाऱ्याला एकदम हवेची आठवण झाली! त्यातच माळ्यावर गंजत पडलेलं साडी गार्ड तुम्ही खाली काढलंत आणि घासूनपुसून गाडीला लावलंत. साडी गार्ड! आपल्या घरात साडी नेसणारी मी एकटी, आणि मी गाडीवर बसत नाही. हे तुमच्या लक्षात आलं नाही की माझ्या येणार नाही असं वाटलं? पुढच्या रविवारी कपाटातली माझ्या रुखवतातली लाल चादर गायब. संध्याकाळी परत जागेवर होती, पण घडी उलटी आणि कडेला धूळ. अहो, चालायला जाताना चादर कशाला लागते माणसाला? हे मी कुणाला विचारू, तुम्हीच सांगा. विचारायची पण लाज वाटते.

आणि ज्वारी. दादानं पाठवलेलं मालदांडीचं पोतं मी हातानं शिवून ठेवलं होतं. ते उसवलेलं निघालं आणि निम्म्याला निम्मं रिकामं. उंदीर एवढं खात नाहीत आणि खाल्लं तर सुतळीची गाठ मारून जात नाहीत. त्या दिवशी मात्र माझ्या अंगाचा भडका उडाला. नवरा घेतला तर घेतला, माझ्या माहेरची ज्वारी पण तिच्या घरात? पाठोपाठ तुमचं कोपर सोललेलं. कंपनीच्या पायरीवरनं घसरलो म्हणालात, रविवारी! रविवारी कंपनी बंद असते हो. खोटं बोलायचं तर निदान वार बघून बोलावं.

मग गेल्या रविवारी आपल्या शेजारची शिवबाई आली. कुंभारीहून बहिणीकडनं रिक्षानं येत होती. म्हणाली, रेश्मा, तुला सांगू का नगं कळंना, पर तुझ्या मालकाच्या मागं गाडीवर एक बाई बसली हुती की गं. लई जाड. लाल चादर डोक्यावरनं घेतलेली, तोंड दिसत न्हवतं, पर कमरेला अशी मिठी मारून बसली हुती की बघवंना. एक शब्द बोलत न्हवती. शिवबाई तिखटमीठ लावते हे मला माहीत आहे. पण लाल चादर तिला कुठनं सुचणार? आणि ‘जाड’ हा शब्द तर डोक्यातनं जाईना. बारीक असती तर समजले असते. जाडच पाहिजे होती तर मी काय वाईट होते?

त्याच रात्री जेवताना तुम्ही वाटीतला भात चिवडत, वर न बघता विचारलंत की तुझं वजन किती असेल गं. एवढ्या संसारात कधी विचारलं नव्हतंत. मला वाटलं, आता तुलना सुरू झाली. मी उत्तर दिलं नाही, सकाळची एसटी धरली.

तर आता स्पष्ट लिहिते. ती कोण आहे, कुठली आहे, हे तुमच्या तोंडून कळल्याशिवाय मी घरी येणार नाही. तुम्ही सांगितलं नाहीत तरी कळेल. शिवबाईला मी कामाला लावलंय. परवाच्या रविवारी ती कुंभारीच्या रस्त्याला बसून राहणार आहे. नाव कळू दे, मग संस्कृतीला काय सांगायचं ते मी ठरवेन. मला रडू येतंय, म्हणून इथं थांबते.

सोमवार

वरचं लिहून पत्र उशीखाली ठेवलं होतं. फाडून नवं लिहावं असं वाटलं, पण नाही फाडणार. वाचा आणि मी या दिवसांत काय सोसलं ते बघा.

काल संध्याकाळी शिवबाईचा फोन आला. आधी ती नुसतीच हसत होती. मी चिडले, तेव्हा बोलायला लागली. ती बहिणीच्या दारात लिंबाखाली बसली होती. तुम्ही आलात, मागं तीच बाई, तीच चादर. दारासमोरच्या गतिरोधकाजवळ गाडी हळू केलीत आणि मोठ्यानं म्हणालात, रेश्मा, घट्ट धर. माझं नाव ऐकून ती चरकलीच. तेवढ्यात गाडी डुचमळली, तुमच्या कमरेला मारलेली चादरीची गाठ सुटली आणि बाई धपकन खाली पडली. शिवबाई आई गं म्हणून धावली. बघते तर बाईचं पोट फुटलेलं आणि आतनं ज्वारी सांडतेय! गावच्या कोंबड्या धावून आल्या. तुम्ही गाडी तशीच आडवी टाकून कोंबड्या हुसकत होतात, म्हणाली. मग खाली बसून एक-एक मूठ चादरीत भरत बसलात.

तिनं खोदून विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत म्हणे. यंदा गड्ड्याच्या जत्रेला रेश्माला गाडीवरनं न्यायचंय. आता मी निम्मा झालोय, सीटवर जागा झालीय. पण ऑपरेशननंतर हातात पहिल्यासारखा जोर नाही, मागं वजन आलं की हँडल थरथरतं. एकदा तिला माझ्यापायी लोक हसले, परत हसायला नकोत. म्हणून आधी सवय करतोय. हे सगळं तुम्ही शिवबाईला सांगितलंत, आणि मला सांगायला तुमच्या जिभेला काय झालं होतं हो? मी काय परकी होते?

फोन ठेवला आणि मी इतकी हसले की वहिनी चुलीपुढनं उठून आली. मग एकदम रडायलाच लागले. ती घाबरली, तिला काय सांगू? नवऱ्यानं ज्वारीच्या पोत्याला माझं नाव ठेवलं, हे सांगायचं? शेवटी सांगितलं. ती हसली नाही. तिनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला आणि तुझ्या दादानं असं कधी केलं नसतं म्हणाली.

तरी माझा संशय अजून सगळा फिटलेला नाही. वजन तर मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं, मग पोत्यात ज्वारी कुठल्या अंदाजानं भरलीत? कमी भरली असेल तर ती लाडीगोडी आहे. आणि जास्त भरली असेल, तर घरी आल्यावर बघते तुमच्याकडं. माझ्या ऑपरेशनचं म्हणाल तर ते माझं मी ठरवेन, कर म्हणून नाही आणि नको म्हणूनही कुणी बोलायचं नाही. तोवर दोघांच्या मापानं रांधायचं मात्र बंद करते.

पत्र सुरू केलं तेव्हा मी परत येणार नाही हे सांगायला बसले होते. आता दुसऱ्याच कामासाठी पाठवतेय. दादा उद्या डाळिंबं घेऊन सोलापूरच्या मार्केटला येतोय, त्याच्या हाती देते. तो म्हणत होता, तू पण टेम्पोतनं चल. मी म्हटलं, टेम्पो नको. रविवारी दुपारच्या एसटीनं येते. तुम्ही स्टँडच्या बाहेर गाडी घेऊन उभे राहा, रिक्षा सांगू नका. अंगठीला दोरा गुंडाळून ती घालून या. चादर आणू नका, मला धरता येतं. तिथनं थेट गड्ड्याला जाऊ आणि परत येताना आपल्या गल्लीतनं, शिवबाईच्या दारावरनं अगदी हळू न्या. हसायचं त्यांना हसू दे. हँडल थरथरलं तरी घाबरू नका. पोतं एकटंच पडलं. मी पडले तर तुम्हाला धरूनच पडेन.

तुमचीच,
रेश्मा