कडं आणि कातडं

१२ नोव्हेंबर

ती. दाजींना,
साष्टांग नमस्कार, जरा भीतभीतच.

ताईचे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे ठीक. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला, दुकानाचं दार नवीन बसवलं. एवढं सांगायला मी अकरा वर्षांनी पत्र लिहीत नाहीये, हे तुम्ही ओळखलंच असेल.

गेल्या आठवड्यात तो उंच वादक आला. आपण दोघांनी मिळून केलेला शेवटचा विलायती, कातडं मढवलेला बॅन्जो त्याचाच. अकरा वर्षांपूर्वी तो तक्रार घेऊन आला होता, "आवाज पोत्यात कोंडल्यासारखा येतो." आणि मी त्याच्यादेखत तुमच्यावर ओरडलो, "दाजी, तुम्ही कातडं जाड लावलंत!" तुम्ही एवढंच म्हणालात, "कातड्याखाली बघ." मी बघितलं नाही. तुम्ही हत्यारं गोळा करून निघून गेलात. ताईचंही येणं थांबलं.

आता ते कातडं फाटलं, म्हणून त्यानं बॅन्जो परत आणला. मी उघडला. लाकडी कड्यावर, कातडं जिच्यावर ताणतो ती पितळी रिंग नीट बसलेली दिसत होती. सवयीनं मधे कागद सरकवला, तर एका बाजूला तो सळ्ळकन आत गेला. चार बोटं लांबीभर रिंग अधांतरी! कातड्याची थरथर लाकडाला पोचणार कशी?

ते कडं मी घासलं होतं, दाजी.

वादकाला तिथंच सांगितलं. तो म्हणाला, "मला काय सांगताय? त्यांना सांगा."

कडं सपाट केलं. मुद्दाम तुमच्याइतकंच जाड कातडं चढवलं. पहिली तार छेडली. भरदार, गोल आवाज. तुम्हाला हवा होता तसाच. छातीवरचा धोंडा उतरला.

माफी मागायला तोंड नाही, म्हणून लिहून देतो : चूक माझी होती.

तुमचा,
उशिरा शहाणा झालेला मेहुणा


१९ नोव्हेंबर

मेहुणेबुवा,
अनेक आशीर्वाद.

पत्र आधी तुझ्या बहिणीनं वाचलं. रडली, हसली आणि भाजी करपवली.

ती फट मला त्याच दिवशी कातड्यावर टिचकी मारताच कळली होती. पण गिऱ्हाइकासमोर तुझी शोभा कशाला करायची, म्हणून "कातड्याखाली बघ" एवढंच म्हणालो. दुसऱ्या दिवशी येऊन सांगता आलं असतं; तिथं माझा ताठा आडवा आला. तेव्हा सगळी चूक एकट्याच्या नावावर घेऊ नकोस.

रविवारी आम्ही दोघं येतोय. तोवर बॅन्जो त्या वादकाला देऊ नकोस. मला ऐकायचाय.

तुझाच,
दाजी