गोलपोस्टामागची जागा

दुर्गाघाट, वाराणसी
सोमवार

प्रिय दादा,

काल तुझा फोन आला तेव्हा मी "बरं, ये, वाट बघते" एवढंच बोलून ठेवून दिला. तुला ते खटकलं असणार. केवढा खुशीत होतास! कॉलेजच्या पोरांनी तुला नागपुराहून खास बोलावलंय, रविवारच्या हॉकीच्या मॅचला तू प्रमुख पाहुणा, तुझ्या गळ्यात हार, आणि पिंड ठेवायचा तो तुझ्याच हातून. "मृणाल, अगं आमचा चावटपणा आता परंपरा झाला," म्हणत तू हसत सुटलास. मला हसता आलं नाही. ईशानी शेजारच्या खोलीत होती, आणि आपल्या या घरात एकीकडे कुणी कुजबुजलं तर दुसरीकडून उत्तर येतं, तुला माहीतच आहे. म्हणून लिहायला बसले. शिवाय फोनवर तू मला बोलू कधी देतोस? पत्रात तरी मध्ये तोंड घालता येणार नाही. उद्या सकाळी स्पीड पोस्टाने टाकते, गाडीत बसायच्या आधी तुला मिळेल.

आधी वाईट बातमी सांगून टाकते. तुझी भाची खेळत नाही. पॅड, हेल्मेट, ते जाडजूड हातमोजे, सगळं धुऊन, उन्हात वाळवून, चादरीत बांधून तिने माळ्यावर टाकलंय. रविवारी युनिव्हर्सिटीच्या संघासाठी मुली निवडणारे लोक येणार आहेत आणि तिचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. रविवारी ती गोलमध्ये उभी राहिली नाही तर तिची हॉकी संपली, इतकं ते सरळ आहे. मालविका मॅडम, त्यांच्या कोच, परवा घरी येऊन गेल्या. ईशानीने त्यांना आल्याचा चहा केला, परीक्षेबद्दल भरभरून बोलली, आणि मॅडमनी मॅचचं नाव काढलं की उठून गॅस बघायला जायची. गॅस बंदच होता. जाताना जिन्यात मॅडम मला म्हणाल्या, "आंटी, गोलकीपर तो बकुल भी है. लेकिन बकुल ईशानी नहीं है." मलाच माझी पोर दोन आठवडे झाले सापडत नाहीये.

काय झालं ते सांगण्यासाठी मला तुझ्या कॉलेजच्या दिवसांत जावं लागेल. तुला वाटेल ही जुनं काय उकरून काढतेय. पण त्याची सुरुवात तिथेच आहे. मी तेव्हा शाळेत होते आणि 'लालवाल्यां'बरोबरची वार्षिक मॅच म्हणजे माझ्यासाठी दिवाळीच. आपले पिवळे आणि त्यांचे लाल. मैदानाच्या कडेला उसाच्या चोथ्याचा आणि शेंगांच्या टरफलांचा खच, गोल झाला की दहा-वीस डमरू एकदम आणि त्यावर "हर हर महादेव" असं की शेजारच्या गल्लीतल्या म्हशी दावं तोडायला बघायच्या. शिव्या तर इतक्या तालात, की अर्थ कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. आणि मग त्या वर्षी तू तो प्रकार काढलास. लाल संघ हरायला आला तशी तू पत्रावळीवर भाताचा गोळा घेतलास, त्यांच्या गोलपोस्टाशेजारी नेऊन ठेवलास, आणि हात वर केलास. सगळं मैदान गप्प. तू खणखणीत आवाजात विचारलंस, "बोलो गुरु, कौन सी इच्छा बाकी रह गई?" कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "एक ठो गोल और खाना था!" आणि मग सगळ्यांनी मिळून काव काव काव. इकडच्या पोरांना कावळा आणि मेलेल्याची राहिलेली इच्छा हे आपलं प्रकरण ठाऊक नव्हतं, ते तूच त्यांना समजावून सांगितलं होतंस. पंचगंगा घाटावर लोकांचे दहावे करणाऱ्या बापाचा मुलगा! त्याला दुसरं काय सुचणार?

मला वाटलं होतं अप्पा तुला फोडून काढतील. बातमी तुझ्याआधी घरी पोचली होती. अप्पा झोपाळ्यावर बसून खोकला येईपर्यंत हसले आणि मग गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "गाढवांनो, काळे तीळ विसरलात. तिळावाचून पिंड होतो का?" पुढच्या वर्षापासून तीळ आले. आज त्या कॉलेजात एकही मराठी पोरगा नसेल, पण भातात तीळ असतातच. तीळ कशाला म्हणून विचारलं तर सांगता येत नाही कुणाला. लालवाल्यांनी पण हे कधीच उचललं. आता दोन्ही बाजू करतात, मोबाईलवर त्याचे व्हिडिओ फिरतात, आणि मुलींच्या मॅचना पूर्वी चार कुत्री आणि एक चहावाला असायचा तिथेही आता गर्दी असते. मुलींची प्रगती झाली म्हणून मीही खूश होते. श्रीनिवास तर फार खूश होता.

श्रीनिवास कुठे उभा राहायचा, आठवतं? रेल्वेतून रजा काढून यायचा आणि प्रेक्षकांत न बसता थेट ईशानीच्या गोलामागे, जाळीपासून थोडा दूर, काळी छत्री टेकवून. ऊन असो नसो, छत्री हवीच. तोंडातून एक शब्द काढायचा नाही. टाळीसुद्धा नाही. मी एकदा चिडून म्हटलं, की पुतळ्यासारखा उभा राहतोस, निदान ओरड तरी. तर म्हणाला, ओरडणारे पुष्कळ आहेत, तिला मागे कुणीतरी आहे एवढं कळलं की झालं. मध्यंतरानंतर बाजू बदलली की हाही छत्री घेऊन मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला. लाल पोरंसुद्धा त्याला ओळखायची. "पापा आ गए, पापा आ गए" म्हणून चिडवायची आणि तो छत्री जरा उचलून त्यांना नमस्कार करायचा.

श्रावणात तो गेला. दहाव्याला तू होतास, त्यामुळे ते तुला सांगायला नको, पण मला लिहायचं आहे. बिंदुमाधव गुरुजींनी, अप्पांचेच शिष्य म्हणून, ईशानीच्या हातून सगळं करायला हरकत घेतली नाही. तिने पिंड ठेवला. गंगा चढलेली, घाटाच्या वरच्याच पायऱ्या तेवढ्या उघड्या, आणि कावळ्याचा पत्ता नाही. कबुतरं आली, एक मैना आली. आपण एकेक करून हात जोडून जे सुचेल ते बोललो. मी म्हटलं, माझी काळजी करू नकोस. ईशानी काही बोललीच नाही, नुसती पिंडाकडे बघत उभी, ओल्या केसांनी. ऊन डोक्यावर आलं तसे गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. इतकी वर्षं अप्पांच्या मागे फिरताना लोकांचे दर्भाचे कावळे बघितले होते मी, पण आपल्या माणसासाठी तो वळला जाताना बघवेना. मग तू चपला बाजूला सारून पुढे झालास, मोठ्याने बोललास, आणि आलमगीर मशिदीच्या बाजूने कावळा उतरला. ईशानी तेव्हा रडली. त्याआधी नाही, त्यानंतरही नाही.

आणि आता दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. आता वर्षाला दोन मॅच होतात, एक इकडे, एक तिकडे; यंदाची पहिली लालवाल्यांच्या मैदानावर होती. श्रीनिवासशिवाय तिची पहिलीच मॅच. मी गेले होते, पण प्रेक्षकांत बसले, बायकांमध्ये. त्या जागी जाऊन उभं राहायचं मला सुचलं नाही असं नाही. धीर झाला नाही. मध्यंतरापर्यंत आपण एका गोलने मागे होतो, काही फार बिघडलं नव्हतं. दुसरा अर्धा सुरू होता होता एक लाल टी-शर्टवाली मुलगी पत्रावळ घेऊन धावत आली आणि ईशानीच्या गोलपोस्टाशेजारी ठेवून गेली. भात, त्यावर तीळ. भोंग्यावरून कुणीतरी विचारलं, कौन सी इच्छा बाकी रह गई? आणि इतक्या माणसांतून एकाच वेळी उत्तर आलं, जसं काही ठरवूनच आले होते: "पापा को बुलाओ! पापा कहाँ हैं?"

दादा, त्यांना ठाऊक नव्हतं. नक्की नव्हतं. गोलामागचा छत्रीवाला यंदा आला नाही एवढंच त्यांनी पाहिलं आणि नेहमीची चेष्टा केली. ठाऊक असतं तर कुणी केली नसती, असं मी रोज स्वतःला सांगते, आणि तरी त्या पोरांच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मग सुरू झालं काव काव. हसत, टाळ्या पिटत, शेकडो माणसं. शिट्टी झाली, खेळ सुरू झाला, आणि माझ्या पोरीने हेल्मेट काढून जमिनीवर ठेवलं. गोल सोडून ती त्या पत्रावळीपाशी गेली, हात जोडले आणि उभी राहिली. अगदी घाटावर उभी होती तशीच. पोरी ओरडतायत, मॅडम ओरडतायत, चेंडू तिच्या मागून रिकाम्या गोलमध्ये गेला तरी ती वळली नाही. ती वाट बघत होती. लोकांना वाटलं हिचंही नाटक चाललंय, आणि त्यांनी आणखी जोरात काव काव केलं. मी तिथवर पोचेपर्यंत बकुळने तिला धरून बाहेर आणलं होतं.

तेव्हापासून ती घरात नीट वागते. फार नीट. कॉलेजला जाते, भाजी आणते, माझ्या औषधाची आठवण करते. फक्त गच्चीवर जात नाही, आणि खिडकीत कावळा बसला की उठून खिडकी लावते. त्या प्रकाराबद्दल माझ्याशी अक्षर बोललेली नाही. आपल्या पिवळ्यांना मात्र उशिरा का होईना सगळं कळलं आणि त्यांचं रक्त उसळलं. त्यांनी ठरवलंय की बदला घ्यायचा. रविवारी घरच्या मैदानावर परातभर भाताचा पिंड, ज्यांनी ही प्रथा घातली ते देवदत्तजी स्वतः ठेवणार, आणि सगळं मैदान लालवाल्यांच्या गोलकीपरवर काव काव करणार. ती गोलकीपर म्हणजे रुची नावाची पोरगी आहे, ईशानीच्याच वयाची. तिची आई गेल्या महिन्यात हॉस्पिटलात होती असं बकुळ सांगत होती. आपली पोरं मोठ्या प्रेमाने करतायत हे, ईशानीसाठी. तुला आमंत्रण देताना त्यांनी यातलं काहीच सांगितलं नसणार, "पुरानी परंपरा" म्हणाले असतील, आणि तू हुरळून हो म्हणालास. मीही तुला इतके दिवस कळवलं नाही. मॅचमध्ये काय घडलं ते फोनवर बोलायला माझी जीभ वळेना.

काल तुझा फोन झाल्यावर ईशानी दारात येऊन उभी राहिली. तुझा आवाज फोनबाहेरही खणखणतो, सगळं ऐकलं होतं तिने. मला वाटलं चिडेल, रडेल. तिने फक्त विचारलं, "मामा भी?" आणि आत निघून गेली. इतक्या दिवसांत त्या विषयावर ती बोललेले हे दोनच शब्द, आणि ते तुझ्याबद्दल होते. मला तुझा राग आला, दादा, खरंच आला. मग पहाटे जाग आली तेव्हा वाटलं, हे तिने तुझ्याबद्दलच का विचारावं? लालवाल्यांवर ती रागावली नाही, देवावर नाही, जागेवर बसून राहिलेल्या माझ्यावरही नाही. तुझंच तेवढं तिला लागलं, आणि ते का ते मला ठाऊक आहे. तुलाही आहे.

त्या दिवशी पंचगंगेवर तू पिंडासमोर उभा राहून म्हणालास, "श्रीनिवास, ईशानीचा खेळ मी बंद पडू देणार नाही. तिच्या मागे मी उभा राहीन." हे ऐकून कावळा आला. तिने ते तुझ्या तोंडून ऐकलंय आणि शिवलेला पिंड डोळ्यांनी बघितलाय. तर रविवारी तू ये, जरूर ये, पण तो हार काढून ठेव आणि प्रमुख पाहुण्याची खुर्ची कुणाला तरी देऊन टाक. श्रीनिवासची छत्री मी दाराशी काढून ठेवली आहे. ती घे आणि गोलामागे जाऊन उभा राहा. आपली पोरं परात घेऊन निघाली तर त्यांना काय सांगायचं ते तुझं तू बघ, तूच शिकवलंयस त्यांना. ईशानी येईल का, ते मला माहीत नाही. मी तिला काही सांगितलेलं नाही, फक्त चादरीचं गाठोडं माळ्यावरून काढून तिच्या पलंगाशी ठेवलंय, ते अजून तिथेच आहे. पण समजा ती आली, तर मागे वळून बघेलच. तेव्हा त्या जागी कुणीतरी असायला हवं.

तुझीच,
मृणाल