भट्टीला कुलूप लागणार नाही

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा मोठ्या डॉक्टरांना फोन केला होता. अर्धांगाच्या झटक्याला आता पाच महिने होत आले, उजव्या हातात यापुढे फार सुधारणा धरून चालू नका, असं ते म्हणाले. मग बेकरी कुणाच्या जिवावर चालवणार आहेस? तापलेल्या भट्टीसमोर तू एकटी, अर्धं अंग लुळं, या विचारानेच मला घाम फुटतो.

इथे तुझी खोली तयार आहे. पलंग ठेंगणा घेतलाय, उशाशी घंटी लावलीय. इकडची काडी तिकडे करावी लागणार नाही.

आणि तुझ्या दुकानाशेजारचे सायकलवाले फोनवर म्हणत होते, तुला कुणी बाई आसनं शिकवतात म्हणे! अगं, ज्या हाताला पेला धरवत नाही त्याला योग शिकवून काय मिळणार? हिचा नमस्कार. राग मानू नकोस, पण येच.

तुझा,
धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

डाव्या हाताने लिहितेय. कोंबडी कागदावरून चालत गेलीय असं समजून वाच.

मला रोजची कामं पुन्हा शिकवायला थेरपिस्टबाई येतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, की तुम्हाला परत काय करता यायला हवंय. इतक्या महिन्यांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं, तूसुद्धा नाही. मी म्हटलं, पीठ मळायचंय. त्या हसल्या नाहीत, टेबलाची उंची मोजायला लागल्या.

डोक्यावर उभं करत नाहीत रे, घाबरू नकोस. सगळं खुर्चीवर बसून. पावलं जमिनीला टेकलेली, पाठ ताठ. उजवा तळवा टेबलावर पसरायचा, वर डावा ठेवायचा आणि श्वास सोडत सोडत पुढे झुकायचं. श्वास कोंडला की हात लाकडासारखा आखडतो, सोडला की सैल पडतो. तीस वर्षं पीठ मळलं, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. आठ दिवसांनी बाईंनी त्याच तळव्याखाली पिठाचा गोळा ठेवला. गोळा तसाच राहिला, मीच घामाने चिंब झाले. काल मात्र त्यावर खळगा पडला. बोटभर. खळगा तो खळगाच.

डॉक्टरांना माझा नमस्कार सांग आणि त्या खोलीत वहिनीला कपडे वाळत घालू दे.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई

२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू मंगळवारी दुकानात पडलीस आणि मला एका ओळीने कळवलं नाहीस. मला ते सायकलवाल्यांकडून कळावं? खळग्याची कौतुकं लिहितेस आणि हे गिळून टाकतेस!

बाबा याच दुखण्याने गेले, विसरलीस का? मला दुसऱ्यांदा ते बघायचं नाही. रजा टाकलीय. पंधरा एप्रिलला गाडी घेऊन येतोय. खोकी बांधून ठेव. यावर वाद नको.

तुझा,
धाकटा

२० एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ.

चार दिवस राहून काल तू रिकामी गाडी घेऊन गेलास. दारात सांगायचं राहिलं, ते लिहितेय.

पडले ते लपवलं, ही माझी चूक. पण सायकलवाले धावत आले तेव्हा मी उठून खुर्चीत बसले होते. कुशीवर वळायचं, डाव्या कोपरावर भार घ्यायचा, गुडघे खाली आणायचे, खुर्ची धरायची, श्वास सोडत उठायचं. बाईंनी हे चटईवर माझ्याकडून घोटून घेतलं होतं. परवा त्यांनी तुलाच चटईवर आडवं केलं आणि उजवी बाजू वापरायची नाही म्हणून बजावलं, तेव्हा तू उताण्या झुरळासारखा हातपाय झाडत होतास! पोट धरून हसले मी. तिसऱ्या खेपेला उठलास आणि एकदम रडायलाच लागलास. बाबांना आपण फुलासारखं जपलं तरी ते गेले, म्हणालास.

तुला एक सांगते, आजवर कुणाला सांगितलं नाही. बाबांना स्वतःची दाढी स्वतः करायची होती. डाव्या हाताने वस्तरा धरून बसले होते. मी तो काढून घेतला, म्हटलं, कापून घ्याल. त्यांनी मुकाट्याने दिला. त्यानंतर त्यांनी कशालाच हात पुढे केला नाही, पाण्याच्या भांड्यालासुद्धा नाही. एक हात झटक्याने गेला होता, उरलेला मी काढून घेतला. मायेनेच. तुझ्या त्या घंटीच्या खोलीत मला तीच माया दिसते आणि धडकी भरते.

बोटांनी अजून बटण लागत नाही. कधी लागेल का, ते बाईंनाही माहीत नाही आणि त्यांनी तसं तोंडावर सांगितलं. ट्रे भट्टीत सरकवायला सायकलवाल्यांची बायको येईल. गरम भट्टीशी मी मस्ती करणार नाही, हा शब्द देते. मळणं मात्र माझं.

सोमवारपासून दुकान उघडतेय. तुला विचारत नाही, कळवतेय.

लोभ आहेच, तो भांडणातही असू दे.

तुझी,
ताई