एका रात्रीचा मुक्काम

मंगळवार, ४ मे. संध्याकाळी ६.
तळ्याकाठच्या शहरात पोचलो. मुक्काम एक रात्र. उद्या सकाळी सात म्हणजे सातला निघायचं.

तळ्याच्या पलीकडच्या काठाला मेव्हणीबाई राहतात. बोटीने सहा तास. १६ला त्यांची साठी. आपण बोट घेतली तेव्हा साडू सगळ्यांसमोर म्हणाले होते की बोटीने खरंच आलात तर मी कॅमेरा घेऊन धक्क्यावर उभा राहीन. आणि हसले. ते हसू मी दोन वर्षं जपून ठेवलंय. उद्या परत करणार, तेही अकरा दिवस आधी!

इथल्या धक्क्यावर शिट्टीवाल्या एक बाई आहेत. कोणी कुठे बोट लावायची ते त्याच ठरवतात. त्यांनी आम्हाला एका चिंचोळ्या जागेत घातलं. समोर धक्का, उजवीकडे लोखंडी खांब, डावीकडे एका निवृत्त दंतवैद्यांची पांढरीशुभ्र बोट. बाहेर पडायला मागे यावं लागेल. हे आपलं एक निरीक्षण.

बुधवार, ५ मे. सकाळी ७.
वारा आहे. निघणं बेजबाबदारपणाचं ठरेल.
हिचं म्हणणं, वारा कुठंय, टॉवेलसुद्धा हलत नाहीये. टॉवेल ओला आहे, हे तिच्या लक्षात आलं नाही.

गुरुवार, ६ मे.
वारा नाही. पण इतका नसणंही संशयास्पद.

आजवर अकरा ठिकाणी थांबलो, एकदाही बोट मागे घ्यावी लागली नाही. सरळ आत, सरळ बाहेर, अशाच जागा निवडल्या. याला नियोजन म्हणतात. पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं काढली, पाणी मला नवीन नाही. बोटीच्या क्लासला फक्त रिव्हर्सच्या दिवशी गेलो नव्हतो, दाढ दुखत होती. तसाही तो भाग पुस्तकातून करता येतो.
पुस्तक घरी राहिलंय.

शनिवार, ८ मे.
संकल्प: रोज एक तास सराव. जेवणाच्या टेबलावर साबणाची डबी म्हणजे आपण, मिठाची बाटली म्हणजे खांब, साखरेचा डबा म्हणजे दंतवैद्य. सात वेळा डबी सुरक्षित बाहेर काढली. आठव्यांदा दंतवैद्य सांडले. हिने झाडू आणून दिला.

ही आता रोज सकाळी फिरायला जाते. शहर आवडलंय म्हणे. जाऊ दे, बायकांना विरंगुळा हवा.

सोमवार, १० मे. दुपारी १.
आज निघालोच होतो. इंजिन सुरू केलं, रिव्हर्स टाकला. ही विचारत होती, अहो, दोरी सोडलीत का? मी बजावलं, कॅप्टनला ऐन वेळी प्रश्न विचारायचे नसतात.
दोरी सोडायची राहिली होती.
धक्क्याची एक फळी उखडली. आम्ही जागच्या जागी फिरलो आणि दंतवैद्यांच्या बोटीला जरा स्पर्श झाला. ते चहाचा कप घेऊन बाहेर आले. कप रिकामा होता, चहा शर्टावर होता. शिट्टीवाल्या बाई चार मिनिटं शिट्टी वाजवत होत्या. दम चांगला आहे.
निष्कर्ष: इथल्या फळ्या निकृष्ट.

मंगळवार, ११ मे.
दंतवैद्यांनी आपल्या बोटीच्या आमच्याकडच्या बाजूला सहा जुने टायर बांधले. भित्रा माणूस. एवढी वर्षं लोकांच्या तोंडात हात घालून असं होत असेल.

हिचे हात काळे झालेत. लायब्ररीत वर्तमानपत्रं चाळत असणार, शाई लागते. नाकही उन्हाने सोललंय. लायब्ररीच्या खिडकीत बसत असेल.

गुरुवार, १३ मे.
जेवताना ही एकदम म्हणाली की मागे घेताना आपली बोट शेपटीकडून डावीकडे ओढते, म्हणून आधी थोडं उजवीकडे वळवून ठेवायचं. कुठून काय ऐकून येते! मी समजावलं की हा विषय वाटतो तेवढा सोपा नाही. तिने भाजी वाढली. समजावून सांगितलं की तिला पटतं.

इंजिनचं तेल तपासलं. तेल आहे. दुर्दैवाने.

शुक्रवार, १४ मे. संध्याकाळ.
हिने सरळ सांगितलं. ताईची साठी एकदाच येणार. परवा दुपारी जेवायला मी तिथे असणार. तुम्ही असाल तर बोटीने, नाहीतर मी उद्याच्या बसने एकटी. आवाज अजिबात चढवला नाही. याच आवाजात तिने एकदा माझी स्कूटर विकायला काढली होती, आणि विकलीही.

ती बसमधून उतरतेय आणि साडू विचारतायत, कॅप्टन कुठंयत? हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. खरं सांगायचं तर भीती वाटते. (हे पान नंतर फाडणे.)

हिला शब्द दिला: उद्या सकाळी सात.

शनिवार, १५ मे. सकाळी ६.४०.
ताप आला. थर्मामीटर तसं दाखवत नाही, पण हा आतला ताप आहे. पांघरूण घेऊन पडलोय. हिने कपाळाला हात लावला, बरं म्हणाली आणि वर गेली. बससाठी सामान काढत असेल. वाईट वाटतंय.

७.०५. इंजिनचा आवाज. दंतवैद्य निघालेले दिसतात. सुटलो!

७.०७. हो, दंतवैद्यच. खिडकीतून दिसतंय, त्यांची बोट हळूहळू पुढे सरकतेय. टायरसकट.

७.०८. धक्काही सरकतोय.

सकाळी ९.
पांघरुणासकट वर धावलो. ही चाकावर. बोट त्या फटीतून मागे मागे, कुठेही न घासता बाहेर. धक्क्यावर शिट्टीवाल्या बाई टाळ्या वाजवत होत्या. दंतवैद्य टायर सोडत होते.
कळलं ते असं: ही रोज सकाळी बाईंबरोबर तळ्यातला कचरा गोळा करणाऱ्या बोटीवर शिकत होती. लायब्ररी कुठे आहे, हे तिला ठाऊकही नाही.
मला एवढंच विचारलं, ताप उतरला का?
उतरला म्हटलं.

रविवार, १६ मे. रात्री ८.
काल मधल्या बेटावर थांबलो, आज अकराला पलीकडचा काठ दिसला. साडू खरंच कॅमेरा घेऊन उभे होते. धक्का पन्नास मीटरवर आला तशी ही चाकावरून उठली. म्हणाली, आता सरळच जायचंय, घ्या तुम्ही. आणि स्वतः खाली जाऊन साडी बदलत बसली.
मी चाकावर असताना साडूंनी सात फोटो काढले. मानलं म्हणाले. मेव्हणीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यावर थांबायचं ना! तर जेवणानंतर सगळ्यांना बोटीत बसवून साडू म्हणतात, चला कॅप्टन, घ्या मागे, एक चक्कर मारू.
ही माझ्याकडे बघत होती.
मी दाढेला हात लावला. मग काढला. चाक हिच्या हातात दिलं. साडूंचं तोंड उघडं. त्यांनी विचारलं, मग बोटीवर तुम्ही नेमकं काय करता?
दोरी सोडतो म्हटलं.
आणि सोडली. आधी.